वीजबचतीचा हप्ता मीटरवर लावा!

दर महिन्याला वीजबिल येते. आपल्या वस्तीत त्या कागदाकडे तीनच गोष्टींसाठी पाहिले जाते. रक्कम किती, शेवटची तारीख कोणती आणि मागची थकबाकी किती? वीज कंपनी आणि आपला समाज यांचे नाते या तीन आकड्यांपलीकडे कधी गेलेच नाही. कंपनीने बिल पाठवायचे, आपण भरायचे, आणि नाही भरले तर तिच्या माणसाने खांबावर चढून वायर कापायची! पण याच बिलाच्या आधाराने गरिबाच्या घरात कमी वीज खाणारा पंखा येऊ शकतो, चांगला फ्रिज येऊ शकतो, छतावर सौर पॅनेल बसू शकते. त्यासाठी बँकेच्या दारात उभे राहावे लागत नाही, जामीनदार शोधावा लागत नाही आणि खिशातून आगाऊ रक्कमही काढावी लागत नाही. अमेरिकेत हे घडले आहे. आपल्या देशातही एका लहानशा वस्तूच्या बाबतीत घडले आहे. मग ही सोय आपल्या घरापर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न आता चळवळीने हाती घेतला पाहिजे असे आम्हाला वाटते.

आधी हिशेब करू. कारण हिशेबाशिवाय केलेली मागणी सरकार दरबारी टिकत नाही. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॅटमध्ये देतो. फरक ४५ वॅटचा. पत्र्याच्या घरात पंखा दिवसाला १२ तास चालतो असे धरा. उन्हाळ्यात तो त्याहून जास्तच चालतो. वर्षातले १० महिने तो चालला तर १६२ युनिट वाचतात. सगळे आकार मिळून युनिटला ६ रुपये पकडले, तर वर्षाला ९७२ रुपये झाले. असा पंखा बाजारात अडीच ते तीन हजारांना मिळतो. म्हणजे तीन वर्षांत पंख्याची किंमत वसूल होते आणि त्यानंतरची वर्षे निव्वळ फायद्याची.

हा हिशेब कळूनही आपला माणूस तो पंखा का घेत नाही? तो अडाणी आहे म्हणून? मुळीच नाही. हातात एकरकमी तीन हजार नाहीत म्हणून तो बाराशे-पंधराशेचा पंखा घेतो. नवा फ्रिज परवडत नाही म्हणून सेकंडहँड घेतो, आणि तो जुना फ्रिज रात्रंदिवस वीज पीत बसतो. छत पत्र्याचे, म्हणून घर तापते. घर तापते म्हणून पंखा थांबत नाही. ज्याच्याकडे भांडवल आहे तो पंचतारांकित यंत्रे विकत घेतो आणि त्याचे बिल उतरते. ज्याच्याकडे भांडवल नाही तो स्वस्त यंत्र घेतो आणि आयुष्यभर महाग बिल भरतो. गरिबीवरचा हा कर कोणत्याही अर्थसंकल्पात लिहिलेला नसतो, पण तो दर महिन्याला वसूल होत असतो. त्यावर उपाय म्हणून आपल्या आयाबहिणींनी आणखी एक मायक्रोफायनान्सचा हप्ता डोक्यावर घ्यावा काय? आठवड्याच्या वसुलीला त्या आधीच कंटाळल्या आहेत.

विजेचा आणि आपला काय संबंध, असे कोणी विचारील. त्याला इतिहास दाखवावा लागेल. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी वीज खाजगी हाती असावी की सरकारी, हा प्रश्न तर घेतलाच. पण त्याच्याही पुढे जाऊन वीज कशासाठी हवी ते सांगितले. देशाचे दारिद्र्य हटवायचे तर उद्योग हवेत, आणि उद्योग हवेत तर स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदर खोऱ्याच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनीच भूषविले. दामोदरच्या त्या योजनेपुढे अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचा नमुना होता. ज्या नेत्याला आपण फक्त घटनेपुरते आणि आरक्षणापुरते लक्षात ठेवतो, त्याने या देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला आहे. तेव्हा विजेचे धोरण हा इंजिनिअर मंडळींचा विषय, आपण फक्त बिल भरायचे, असे म्हणण्याची मुभा आंबेडकरी माणसाला नाही.

टेनेसी खोरे प्राधिकरण १९३३ मध्ये स्थापन झाले. मंदीच्या त्याच काळात अमेरिकेतील खेड्यांचे काय चालले होते? खाजगी वीज कंपन्या शहरात वीज विकत होत्या आणि खेड्यात तारा न्यायला तयार नव्हत्या. त्यात त्यांना नफा दिसत नव्हता. दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. तेव्हा रूझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचे स्वतंत्र प्रशासन काढले, १९३६ मध्ये कायदा केला आणि खेडुतांच्या सहकारी वीजसंस्थांना सरकारी कर्ज दिले. त्या संस्थांनी खेडोपाडी वीज नेली. मात्र दक्षिणेतील राज्यांत वायर काळ्या माणसाच्या घरापर्यंत पोहोचली तरी अनेक संस्थांच्या संचालक मंडळावर वर्चस्व गोऱ्यांचेच राहिले. महाराष्ट्रातील सहकाराचा अनुभव असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आज आम्ही ज्या पद्धतीबद्दल लिहीत आहोत ती अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत वाढली. तिचे नाव ‘पे अ‍ॅज यू सेव्ह’, म्हणजे वाचेल तसे फेडा. २००१-०२ च्या सुमारास न्यू हॅम्पशायर राज्यात तिचा पहिला प्रयोग झाला. २००७ मध्ये कॅन्सस राज्यातील मिडवेस्ट एनर्जी या सहकारी संस्थेने ती स्वीकारली. पुढे केंटकी आणि आर्कान्सा या राज्यांतील ग्रामीण वीजसंस्थांनीही ती उचलली. आमच्या दृष्टीने यातले सर्वांत बोलके उदाहरण नॉर्थ कॅरोलिना राज्यातील रोअनोक इलेक्ट्रिक या सहकारी संस्थेचे आहे. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील बर्टी, हर्टफोर्ड, नॉर्थहॅम्प्टन अशा जिल्ह्यांत ही संस्था वीज देते. या जिल्ह्यांत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या आहे आणि गरिबीही मोठी आहे. घरे जुनी, भिंती-खिडक्यांतून हवा गळणारी, आणि त्यामुळे थंडीत व उन्हाळ्यात वीजबिल घरभाड्याच्या बरोबरीने अंगावर येणारे. कर्टिस विन हे कृष्णवर्णीय अधिकारी संस्थेचे प्रमुख असताना, २०१४ मध्ये, संस्थेने केंद्रीय कृषी खात्याच्या ऊर्जाबचत योजनेतून ६० लाख डॉलरचे कर्ज मिळवले आणि २०१५ पासून सभासदांच्या घरांची सुधारणा सुरू केली. घरातील फटी बुजवणे, छताला उष्णतारोधक थर देणे, जुनी तापयंत्रे काढून कमी वीज खाणारी बसवणे अशी ही कामे होती.

या पद्धतीची गंमत कामात नाही, ती हप्त्याच्या रचनेत आहे. वाचकांनी इथे बारकाईने पाहावे. खर्च वीजसंस्था करते. सभासदाने आगाऊ काही भरायचे नाही. कर्जासाठी त्याची पत तपासली जात नाही. तो वीजबिल भरत आला आहे एवढे पुरते. संस्था त्याच्या घराची तपासणी करून किती वीज वाचेल याचा अंदाज बांधते. हप्ता ठरतो तो या बचतीतून. वर्षाला जेवढी बचत अपेक्षित आहे, तिच्या ८० टक्क्यांच्या वर हप्ता लावता येत नाही. उरलेले २० टक्के पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या खिशात राहतात. मुदतीलाही मर्यादा आहे. यंत्र १० वर्षे टिकणारे असेल तर ८ वर्षांच्या आत हप्ते संपले पाहिजेत. यंत्र बिघडले आणि दुरुस्त झाले नाही, तर हप्ता थांबतो.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हा हप्ता माणसाच्या नावावर चढत नाही, तो त्या जागेच्या मीटरवर चढतो. भाडेकरू घर सोडून गेला तर त्याच्यामागे कर्ज जात नाही. जो पुढे त्या घरात राहायला येईल त्याला आधी लेखी कळवले जाते. बचतीचा लाभ त्याला मिळतो आणि हप्ताही तोच भरतो. त्यामुळे भाडेकरूही या योजनेत येऊ शकतो. बँकेच्या कर्जात मालकाला विचारले जाते, ‘तुझ्या नावावर काय आहे?’ इथे एवढेच विचारले जाते की या मीटरवर वीज वाया जाते आहे काय? ज्यांच्या नावावर हजारो वर्षे काहीच होऊ दिले गेले नाही, त्या समाजाला या दोन प्रश्नांतला फरक कळतो.

आता आपल्याकडे वळू. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने एलईडी बल्ब वाटपाचा कार्यक्रम सुरू केला. तोच पुढे ‘उजाला’ नावाने ओळखला गेला. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही सरकारी कंपन्यांनी मिळून २००९ मध्ये काढलेली कंपनी लाखोंच्या संख्येने बल्ब एकदम खरेदी करीत असे आणि वीज वितरण कंपन्यांमार्फत ते ग्राहकांना देत असे. अनेक राज्यांत सोय अशी होती की दहा रुपये रोख द्या, बल्ब घरी न्या आणि बाकी रक्कम महिन्याला दहा रुपयांप्रमाणे वीजबिलातून फेडा. मोठ्या खरेदीमुळे एका बल्बची खरेदी किंमत २०१४ च्या सुरुवातीच्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरली. देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. वस्तीतल्या बाईने बल्ब घेताना तिला उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नाही, सातबारा मागितला गेला नाही. वीजबिल दाखवले, बल्ब मिळाला.

महाराष्ट्रात आणखी एक उदाहरण आहे. १४ एप्रिल २०२१ पासून महावितरणमार्फत अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांसाठी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ राबवली गेली. घरगुती जोडणीसाठी ५०० रुपये अनामत, आणि तीही पाच समान मासिक हप्त्यांत भरण्याची सवलत. रक्कम लहान असली तरी तत्त्व मोठे आहे. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नाही त्याला वीज कंपनी हप्त्याने सेवा देऊ शकते, हे या योजनेने मान्य केले. मग जी गोष्ट दहा रुपयांच्या बल्बला आणि पाचशे रुपयांच्या अनामतीला लागू झाली, ती तीन हजारांच्या पंख्याला किंवा पन्नास हजारांच्या सौर यंत्रणेला का लागू होऊ नये?

सौर यंत्रणेच्या बाबतीत सरकारने वेगळी वाट धरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ आली. तरतूद ७५,०२१ कोटी रुपये, उद्दिष्ट एक कोटी घरे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. शिवाय कमी व्याजाने विनातारण कर्ज. वाचायला हे छान वाटते. पण पात्रतेची अट वाचा. कुटुंबाकडे स्वतःचे घर हवे आणि त्या घराला सौर पॅनेल बसवता येईल असे छत हवे! एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. आता ही अट हातात घेऊन आपल्या वस्त्यांतून फेरी मारा. गावकुसाबाहेरच्या वस्तीत किती घरांना स्लॅब आहे? गायरानावरच्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कोणाच्या नावाने आहे? मुंबईच्या झोपडपट्टीतील पोटमाळ्यावर राहणाऱ्या भाडेकरूचे छत कोणते? पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने पॅनेल कोठे बसवायचे? योजनेत जातीचा उल्लेखही नाही, तरी तिच्या लाभार्थ्यांची यादी करायला बसलात तर कोण बाहेर राहतो ते आपोआप दिसते.

सरकारला ही उणीव दिसलीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने दोन नव्या वाटांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. एका वाटेने वितरण कंपनी किंवा राज्य सरकारची संस्था अनेक घरांचे काम एकत्र करून घेते. दुसऱ्या वाटेने एखादी कंपनी स्वतःच्या पैशाने यंत्रणा बसवते आणि कुटुंब फक्त वापरलेल्या विजेचे पैसे देते. आंध्र प्रदेश सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या घरांवर दोन किलोवॅटपर्यंतची यंत्रणा विनामूल्य बसवण्याचे धोरण घेतले. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची योजना मंजूर केली. तिच्यात एक किलोवॅटची यंत्रणा ५० हजारांची धरली आहे. केंद्राच्या ३० हजारांवर राज्याकडून दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५०० रुपये आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५ हजार रुपये मिळतात. म्हणजे पहिल्याला अडीच हजार आणि दुसऱ्याला पाच हजार रुपये घालावे लागतात. एक किलोवॅटमधून महिन्याला १०० ते १२० युनिट वीज मिळते. ज्याचे स्वतःचे छत आहे त्याने ही संधी सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण छत नसलेल्याचे काय? हा प्रश्न अनुदान वाढवून सुटत नाही.

इथे कायदा काय म्हणतो ते पाहू. वीज अधिनियम २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला, तर त्याला वीज देणे हे वितरण परवानाधारकाचे कर्तव्य आहे. मालक किंवा भोगवटादार! कायदेमंडळाने हा दुसरा शब्द विचारपूर्वक घातला आहे. वीज मिळण्यासाठी मालकी लागत नाही, राहते असणे पुरते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याच्या हक्काचा अर्थ सांगताना विजेसारख्या सोयींचाही त्यात समावेश केला. मग वीज घेताना भोगवटादार चालतो, बिल भरताना भोगवटादार चालतो, थकबाकी वसूल करताना तर हमखास चालतो, आणि वीज वाचवण्याची मदत देतानाच मालक का लागतो? वकिली करताना आमच्याकडे असे अनेक अर्ज आले आहेत की ज्यांत वीस-पंचवीस वर्षांची बिले अर्जदाराच्या नावाने आहेत, पण घराचा कागद नाही म्हणून अर्ज परत आला. वीस वर्षे नियमित भरलेले बिल हा पतीचा पुरावा नव्हे काय? बँकेला तो दिसत नसेल, पण वीज कंपनीकडे त्याची नोंद महिन्यागणिक आहे.

महाराष्ट्रात यासाठी नवा कायदा करावा लागेल अशीही अडचण नाही. राज्य वीज नियामक आयोगाने २०१० मध्येच मागणी व्यवस्थापनाचे विनियम केले आहेत. वीज कंपनीने ग्राहकाच्या घरातील विजेचा वापर कमी होईल असे कार्यक्रम आखावेत आणि आयोगाच्या मंजुरीने त्यांचा खर्च करावा, ही चौकट तिथे आहे. कंपनीलाही यात तोटा नाही. संध्याकाळी सात ते दहाच्या गर्दीच्या वेळी महागडी वीज विकत घेण्यापेक्षा लाखो घरांतील मागणी कमी करणे तिला परवडते.

आता या पद्धतीचे धोकेही सांगितले पाहिजेत. केवळ गुणगान गाणारा लेख समाजाच्या उपयोगाचा नसतो.

पहिला धोका वीज तोडण्याचा. अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे वीज आकार किंवा वीजपुरवठ्यासंबंधीची देय रक्कम थकली, तर किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन कंपनी वीज तोडू शकते. पंख्याचा किंवा पॅनेलचा हप्ता बिलात मिसळला की तोही याच कलमाखाली येतो असे कंपनी म्हणेल. अमेरिकेतील योजनांत हप्ता थकला तर वीज तोडता येते. आमचे म्हणणे असे की पंख्याचा हप्ता ही वीजपुरवठ्याची रक्कम नव्हे. तो बिलावर वेगळ्या ओळीत दाखवावा आणि त्यासाठी घरात अंधार करू नये. हे न्यायालयात भांडून ठरवण्यापेक्षा योजनेच्या अटींतच लिहून घेणे शहाणपणाचे.

दुसरा धोका अंदाजाचा. कागदावर २०० रुपये वाचतील असे दाखवले आणि प्रत्यक्षात ८० च वाचले, तर फरक कोण भरणार? वीज किती वाचेल हे सांगणारा आणि यंत्र विकणारा एकच असेल, तर अंदाज फुगणारच. म्हणून तपासणी वेगळ्या यंत्रणेने करावी आणि बचत झाली नाही तर हप्ता कमी करावा.

तिसरी गोष्ट धोक्याची नाही, मर्यादेची आहे. ज्या म्हातारीच्या झोपडीत एक बल्ब आणि एक पंखा आहे, जिचा वापरच महिन्याला ३० युनिट आहे, तिच्याकडे वाचवायला काय आहे? बचतीतून हप्ता फेडायचा तर आधी वापर हवा. तिला अनुदानच दिले पाहिजे. घराचे छत गळते, वायरिंग उघडे आहे, तिथे आधी घर दुरुस्त झाले पाहिजे. तेव्हा ‘आता हप्त्याची सोय केली, अनुदान बंद करा’ असे कोणी म्हणू लागला तर त्याला जागीच रोखावे लागेल. हप्त्याची सोय ही कमावत्या गरिबासाठी आहे. निराधारासाठी राज्याची जबाबदारी कायम आहे, आणि राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत ती लिहिलेली आहे.

हे सर्व लक्षात घेऊन चळवळीने पुढील मागण्या कराव्यात असे आम्ही सुचवतो. एक, बीएलडीसी पंखे व पंचतारांकित फ्रिज वीजबिलातील हप्त्यावर मिळावेत. हप्ता बचतीच्या ८० टक्क्यांच्या आत असावा. दोन, पात्रतेसाठी मालकीचा कागद न मागता वर्षभराची वीजबिले मान्य करावीत. तीन, हप्ता मीटरवर असावा आणि नव्या राहणाऱ्याला तो आधी लेखी कळवला जावा. चार, हप्त्याच्या थकबाकीसाठी वीज तोडू नये, आणि यंत्र बंद पडले तर दुरुस्तीपर्यंत हप्ता थांबावा. पाच, ज्यांना छत नाही त्यांना दुसऱ्या जागेवरच्या सौर प्रकल्पात वाटा मिळून त्याची वीज त्यांच्या बिलातून वजा व्हावी. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच अशा पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, तेव्हा ही मागणी अशक्य कोटीतली नाही.

पुनर्वसन इमारतींतील बांधवांनी एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचे बिल मेंटेनन्समधून जाते, आणि मेंटेनन्स थकला की संस्थेत भांडणे लागतात. गच्ची संस्थेची आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि अर्ज करा.

बाकीच्या मागण्यांसाठी लढण्याची जागाही कायद्यानेच दिली आहे. कलम ६४ प्रमाणे वीजदर ठरवण्यापूर्वी आयोगाला जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. त्यासाठी जाहीर सुनावणी होते. तिथे उद्योजकांच्या संघटना वकील घेऊन जातात, यंत्रमागधारक जातात, शेतकऱ्यांचे पुढारी जातात. आपल्या वस्त्यांच्या वतीने कोण जातो? मोर्चाला आपण हजारोंनी जमतो, पण सुनावणीत आपल्या नावाची हरकत नोंदलेली नसते. आणि जी हरकत नोंदलेली नसते तिचा विचार आदेशात होत नाही, हा साधा कायदा आहे. हरकत मराठीतही देता येते. दोन पानांचा अर्ज पुरतो.

म्हणून आमची विनंती आहे की दर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या कामासाठी ठेवावा. प्रत्येक कुटुंबाने मागील बारा महिन्यांची बिले आणावीत. शिकलेल्या मुलामुलींनी ती वाचावीत, महिन्याचे युनिट वहीत लिहावेत, घरात किती पंखे, कोणता फ्रिज, छत कशाचे, घर कोणाच्या नावे, याची नोंद करावी. शंभर घरांची अशी वही तयार झाली की ती वस्तीची साक्ष होते. ती घेऊन वकील आयोगापुढे उभा राहिला, तर त्याला परत पाठवणे सोपे नाही. बाबासाहेबांनी वीज दारिद्र्य हटवण्यासाठी मागितली होती. ती आपल्या घरात आली, पण दारिद्र्याचा हिशेब अजून बिलातच अडकून पडला आहे. तो सोडवायचा तर पुढच्या सुनावणीच्या आधी वही भरायला सुरुवात केली पाहिजे.